एकतीस गुण

वैजयंताबाईंच्या गालावर चंचुपात्र फुटलं तेव्हा नववीचा सगळा वर्ग बाकांवर चढून ओरडत होता. रेवती ढोबळेने उरलेली काच मुठीत आवळली होती. तिच्याच मुठीतून रक्त ठिबकत होतं. "एकदा तरी मला विचारा ना!" ती किंचाळली आणि पुन्हा धावून आली. दोन शिपायांनी तिला फरशीवर पाडून पाठीवर गुडघा रोवला.

बाईंना अकरा टाके पडले. रेवतीची रवानगी निरीक्षणगृहात झाली. तिसऱ्या दिवशी शाळेत डॉ. पिंगळे आले. शिक्षकांच्या डोळ्यांवरचा भाकितचष्मा त्यांनीच घडवला होता. मुलाकडे पाहिलं की त्याला पुढे किती गुण पडणार तो आकडा डोक्यावर दिसायचा. रेवतीच्या डोक्यावर जूनपासून एकतीस होते.

"आणि सहामाहीत तिला एकतीसच पडले," बाई म्हणाल्या. "चष्मा चुकला नाही."

"बाई, जूनमध्ये आमचं यंत्र बिघडलं होतं. तुमच्या शाळेला गेलेले आकडे सोडतीसारखे होते, कसेही पडलेले."

"मग ते खरे कसे ठरले?"

पिंगळ्यांनी बाईंच्या चष्म्यात साठलेलं चित्रण पडद्यावर लावलं. डोक्यावर नव्वद असलेल्या मुलीला उत्तर सुचेना, तर बाईंचं हसू ऐकू येत होतं, त्या थांबत होत्या, पहिलं अक्षर सुचवत होत्या. रेवतीचा हात वर होता. तासामागून तास वरच होता. बाईंची नजर त्यावरून घसरून पुढे जायची. एकदा तिने बरोबर उत्तर दिलं, तर बाईंनी विचारलं, "कोणाचं बघितलंस?"

वर्ग खदखदून हसला होता.

बाईंनी पडदा बंद केला. "हे वर कळवा. आजच."

"कळवलं. पण शंभरातली एक्क्याण्णव भाकितं खरी निघाली, एवढंच त्यांनी ऐकलं. कालपासून चष्मा निरीक्षणगृहांनाही दिलाय. तिथे गुण नाही दिसत. समोरचा माणूस हल्ला करण्याची शक्यता दिसते, शंभरात किती ती."

बाई तडक तिकडे पोहोचल्या. रेवतीचे हात गजाला बांधलेले होते, ओठ फाटला होता. समोर चष्मा लावलेली पहारेकरीण काठी घेऊन उभी होती.

"सोडा तिला! इथे काय केलंय तिने?"

"अजून काही नाही. पण अठ्ठ्याण्णव दाखवतोय." काठी रेवतीच्या खांद्यावर बसली.

बाई नुसत्या दोघींच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. पहारेकरणीने त्यांच्याकडे पाहिलं आणि दचकून मागे सरली.

"बाई, हात मागे घ्या! तुमच्यावरही नव्वद आलेत."

"अहो, मी शिक्षिका आहे—"

काठी त्यांच्या मनगटावर पडली. हाड कडाडलं. दुसरी बरगडीवर बसली. तिसरी उगारली गेली तेव्हा बाईंनी खिडकीतला पितळी तांब्या उचलला आणि जिवाच्या आकांताने पहारेकरणीच्या तोंडावर हाणला.