राधीचा पान्हा

पावणं, ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. गारगोटीला जाऊन सांगाल तर लोक तुम्हालाच हसतील. पण या गंगावेशीत, या दूधकट्ट्यासमोर, एका म्हशीनं खुनी ओळखला. ही बघा, तीच राधी. धोंडुबाई कासेला बसलीय. इथं रोज सकाळी लोक रांगेत उभं राहून म्हशीचं ताजं दूध पितात. धार निघेपर्यंत ऐका.

गेल्या दिवाळीनंतर महिन्याभरात शहरात तीन माणसं गेली. तिघंही पेन्शनर, एकटे राहणारे. ओळखीचं कुणी आल्यासारखं पहाटे दार उघडलेलं, तोंडावर उशी, कपाटाला हात लावलेला नाही. फक्त स्वयंपाकाच्या ओट्यावर स्टीलचा एक पेला, स्वच्छ विसळून पालथा ठेवलेला. पातेल्यातलं दूध पेलाभर कमी.

तिन्ही घरी दूध घालायचा तो पिराजी, या धोंडुबाईचाच मुलगा. पोलिसांनी त्याला उचलला.

तपास उदयसिंह साहेबांकडे होता. उंचापुरा गडी, पण डोळे खोल गेलेले. दोन वर्षांपूर्वी हुपरीच्या एका चांदीचोरीत त्यांनी ज्ञानू नावाच्या पैंजण घडवणाऱ्या कारागिराला आत टाकलं होतं. ज्ञानूनं कोठडीत गळफास घेतला आणि आठवड्यानं चांदी दुसऱ्याच्याच घरात सापडली. तेव्हापासून साहेब राजारामपुरीतल्या खोलीवर एकटेच राहायचे. जेवायला बसले की कानाशी कुणी पैंजणात घुंगरू ओवतंय, असा बारीक आवाज त्यांना यायचा. घास तसाच राहायचा. सोमवारी पिराजीला कोर्टात उभा करा, असा वरून हुकूम होता. साहेबांना दुसरा ज्ञानू नको होता.

म्हणून ते साध्या कपड्यात इथं यायला लागले. पहिल्याच दिवशी धोंडुबाई म्हणाली, "साहेब, माझं ऐकू नका. मी आई हाय त्याची. पण म्हशीला इचारा की."

"म्हशीला काय विचारू?"

"त्या तिन्ही दिवशी सकाळी राधीनं पान्हा चोरला. थेंब सोडला न्हाय. एरवी आंधळ्यानं हात लावला तरी चरवी भरती."

साहेब हसले नाहीत. समोरच्या औषधाच्या दुकानाला कॅमेरा आहे. त्याच्यात तिन्ही सकाळी त्यांनी स्वतः बघितल्या. खरंच, धोंडुबाई कासेला पाणी मारून मारून थकलेली, म्हैस चारी पाय रोवून उभी, शेपटीसुद्धा हलत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिराजीला बेड्यांसकट इथं आणला. राधीनं त्याचा हात चाटला आणि चरवी फेसानं वर आली.

"आता सोडा की त्याला," धोंडुबाई म्हणाली.

"मावशी, केस डायरीत म्हशीची साक्ष कशी लिहू?"

मग साहेबांनी कॅमेऱ्यातली रांग वहीत उतरवली. तिन्ही सकाळचं एकेक माणूस, नावानिशी. शाळामास्तर, तालमीतली पोरं, रिक्षावाले. तीन पानं भरली. तिन्ही पानांवर असलेलं नाव मात्र एकही नाही. साहेब पुन्हा पुन्हा पानं उलटत. घुंगरांचा आवाज आता त्यांना इथंही यायला लागला होता, राधी पान्हा चोरायची त्या जागेवर उभं राहिलं की जास्तच.

रविवारी ते कट्ट्यावर येऊन टेकले. वही मांडीवर. म्हणाले, "कुणीतरी लिहायचं राहिलंय."

आणि सोमवारी सकाळी, पावणं, तुमच्याच गारगोटीचा एक इसम रांगेत आला. राधीनं लाथ मारून चरवी उलथवली. साहेबांनी जागच्या जागी त्याला बेड्या घातल्या. पिराजी सुटला, साहेबांना बढती मिळाली, आणि आता त्यांना झोप लागते.

"खोटं हाय."

धोंडुबाई कासेपासून उठली नव्हती. पाठमोरीच बोलली.

"आबा, पावण्यांस्नी खोटं कशाला सांगताय? सोमवारी साहेब आलंच न्हाईत. खोलीवर घावले. उशी, आणि वट्यावर पालथा पेला. माझा पोरगा तवा कोठडीत हुता, म्हणून सुटला तो."

पावण्यांनी माझ्याकडं बघितलं.

रांगेतली माणसं चरवीकडं बघायला लागली. चरवीत धार वाजत नव्हती. पहिल्यापासूनच वाजत नव्हती. चरवी कोरडी होती. राधी चारी पाय रोवून उभी.

धोंडुबाई वळली. हात कोपरापर्यंत ओले.

"साहेबांनी रांग लिहिली, आबा. तुम्ही रांगंत कधी हुबा राहिलाय? तुमचं वय बघून मीच कट्ट्यावर पेला आणून देती. रोज."

तिनं ओला हात राधीच्या पाठीवर ठेवला.

"आज कोण, आबा?"

मी कट्ट्यावरून उठलो. हातातला पेला रिकामाच होता. तरी नळाखाली विसळला, आणि सवयीनं पालथा ठेवला.