सायकलीवरचं बिऱ्हाड

बारामतीत इंदापूर रोडवरच्या गतिरोधकावर एक सायकल मागच्या चाकावर उभी राहिली... घोडं बिथरून उभं राहावं, अगदी तशी. वरचा गडी मागं घसरला, त्याच्या अंगावर तीन पोती आली, आणि सगळं मिळून गेणबामामाच्या कुशनच्या दुकानापुढं काथ्याच्या ढिगात जाऊन पडलं. एक पातेलं तेवढं गडगडत आत आलं आणि शिलाई मशीनच्या पायाला टेकून थांबलं.

मशीनवर म्हाळसा बसली होती. काटेवाडीची, वीस वर्षांची, ट्रॅक्टरच्या सीटला कव्हर घालण्यात तरबेज आणि जिभेनं सुईपेक्षा टोकदार. तिनं आधी पातेल्याकडं बघितलं, मग काथ्यातनं वर आलेल्या दोन डोळ्यांकडं.

"लागलं का?" असं दुसऱ्या कुणीही विचारलं असतं. ती म्हणाली, "पाव्हणं, पातेलं पोचलं. तुमी कवा येताय?"

"ताई, जरा हात द्या की... पाय अडकलाय."

"ताई म्हणलं की हात मिळत न्हाय हितं. मामा, उठवा ओ ह्यास्नी."

गेणबामामानं त्याला ओढून काढलं. पोरगा उंच होता, केसांत काथ्या, कोपर खरचटलेलं, आणि तरी हसत होता. म्हाळसाला हसणाऱ्या माणसांचा राग यायचा. ह्याचा का कुणास ठाऊक, आला नाही.

"येवढं बिऱ्हाड घिऊन निघालाय कुठं?"

"कन्याकुमारीला."

तिचा पाय मशीनवरच थांबला. "सायकलीवर?"

"व्हय. आज नुसती चाचणी हाय. सणसरवरनं निघालो सकाळी. आठ दिवसांनी खरं निघायचं."

"सणसर ते बारामती कितीदा पडला?"

तो जरा घुटमळला. "हे... चौथं."

"मग कन्याकुमारीला हाडंच पोचायची. ती पोत्यात भरा म्हंजी सांडायची न्हाईत."

मामा खो खो हसला. पण म्हाळसा उठून बाहेर आली होती. सायकलीभोवती तिनं एक फेरी मारली. कॅरियरवर पोत्यावर पोतं, त्याच्यावर आणखी एक, आणि वरनं जाड दोर आवळलेला. तिला एका नजरेत कळलं.

"उसाचं रान हाय ना तुमचं?"

"कसं वळाखलं?"

"सायकल न्हाय भरली तुमी, ट्रॉली भरलीय. मागं आन् वर, मागं आन् वर. ट्रॉलीला म्होरं ट्रॅक्टर असतोय ओढायला. हितं म्होरं कोण हाय? तुमी! तुमचं वजन ते किती."

पोरगा खरंच ओशाळला. रस्त्यानं उसाच्या गाड्यांची रांग चालली होती, एकूणएक गाडी तशीच भरलेली. लहानपणापासनं त्यानं वझं लादायचं म्हणून दुसरं काही बघितलंच नव्हतं.

"मग कसं भरायचं?" त्यानं विचारलं.

साधा प्रश्न. पण त्यानं खिशातनं छोटी वही काढली, पेन्सिल काढली आणि तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. म्हाळसाला शाळा आठवली. नववीत असताना गणित चुकलं म्हणून मास्तर भर वर्गात म्हणाले होते, तुमच्या जातीला शाळा कशाला, मेंढरांमागं जा. सगळा वर्ग हसला होता. तिनं तिथंच वही आपटली, दप्तर उचललं, ते परत शाळेत पाऊल टाकलं नाही. तेव्हापासनं मेंढरांचं नाव तिनं चारचौघांत काढलं नव्हतं.

आणि आज तोंडातनं आपोआप निघालं, "घोड्यावर भरत्यात तसं."

तिचा आजा, सोनबा, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. घरच्या घोड्यावर सगळं घर असायचं. भांडी, पीठ, कोंबड्या, नवी कोकरं... एका साली म्हाळसासुद्धा. कालव्याचं पाणी आलं, शेती झाली, मेंढरं गेली. पण वझं कसं बांधायचं ते तिच्या हातात राहिलं होतं.

"दोन्ही अंगाला सारखं. जड ते तळात. आधी लागंल ते वर. आन् गाठ अशी, की एका हिसक्यात सुटली पायजे," ती सांगत गेली आणि तो लिहीत गेला.

"नाव काय लिवू? सांगणाऱ्याचं?"

"कशाला?"

"उद्या विसरलो तर कुणाला विचारू?"

"...म्हाळसा."

"मी इंद्रजित."

"मी कुठं विचारलं?"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी पण. मामानं ट्रकच्या जुन्या ताडपत्रीचा तुकडा काढून दिला आणि म्हाळसानं सायकलीच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या बेतायला घेतल्या. तोवर इंद्रजितनं दुकानाच्या फरशीवर सगळं सामान मांडलं, आणि ती राणीसारखी मशीनवर बसून एकेक निकालात काढायला लागली.

"कुकर?"

"आई म्हणली, डाळ शिजत न्हाय त्याच्याबिगर."

"काढा. गजराचं घड्याळ कशाला? मधल्या गावांनी कोंबडे खाऊन टाकल्यात व्हय समदे? काढा. चार पँटी? लग्नाला निघालाय?"

"अजून ठरलं न्हाय," तो हळूच म्हणाला.

म्हाळसानं दोरा दातानं तोडला. मान वर केली नाही. कान मात्र तापले.

"गादी काढा. रेनकोट काढा. चादर काढा. त्या तिघांच्या जागी एक घोंगडं घ्या. आंथरा, पांघरा, पाऊस आला तर डोक्यावर घ्या. आन् ह्ये काय... आर्धं पोतं लाडू?"

"ते आईचं... त्यातलं काढलं तर ती मला घरातनं काढंल."

"दहा ठिवा. बाकीचं हितं."

"हितं म्हंजी?"

"मी खाईन की. तुमच्या आईला सांगा, वाया न्हाय गेलं."

राहिलं ते बघायला बरं वाटत होतं. हवेचा पंप, पंक्चरचं सोल्यूशन, रबराच्या चकत्या, दोन ट्यूबा, नट आवळायचे पाने, चाकाच्या जादा तारा, एक पातेलं, गूळ, शेंगदाण्याची चटणी. तिनं सगळं दोन पिशव्यांत वाटलं, एक काठी खांद्यावर घेतली, दोन टोकांना पिशव्या अडकवल्या आणि डोळे मिटून उभी राहिली. डावी जड लागली. पाने उजवीकडं टाकले. पुन्हा डोळे मिटले.

डोळे उघडले तर इंद्रजित पिशव्यांकडं बघतच नव्हता.

"काय?"

"काय न्हाय. पयल्या दिवशी ताई म्हणलं व्हतं ते... मागं घेतो."

"मी कुठं ठिवून घेतलं व्हतं?" ती म्हणाली खरी, पण काठी जरा हलली.

संध्याकाळी दोघं एकाच रस्त्यानं घरी जायची. तिची लेडीज सायकल, त्याची मोठी. कारखान्याच्या मळीचा वास, उसाच्या गाड्यांची धूळ, आणि काटेवाडीच्या फाट्यापर्यंत बोलणं. तो सांगायचा, बी.ए. झालंय, पुढच्या साली रानात नाहीतर कारखान्यात अडकणारच. त्याच्या आधी एकदा रस्ता संपेपर्यंत जाऊन बघायचंय. बाप दादासाहेब म्हणाला होता, जा, पण मधनं परत आलास तर पुन्हा नाव काढायचं नाही.

"संपंतोवर?" ती म्हणायची. "तितं काय हाय?"

"समुद्र."

"आन् मग?"

"मग मागारी... हिकडंच."

'हिकडंच' म्हणताना तो फाट्याकडं बघायचा, काटेवाडीच्या. ती घंटी वाजवून वळायची. घरी पोचेपर्यंत उगाच हसू यायचं.

निघायला दोन दिवस राहिले तेव्हा पिशव्या पुऱ्या झाल्या. इंद्रजितनं त्या अडकवल्या, सायकल जराही डुलली नाही. म्हाळसाचा ऊर भरून आला. तो सोमेश्वरनगरला जाऊन येतो म्हणाला आणि गेला.

परत आला तो लंगडत. दोन्ही टाचा सोललेल्या.

"काय झालं?"

"पायडल मारलं की टाच पिशवीवर आपटती. दर फेऱ्याला." आणि तो हसला, भोळेपणानंच हसला. "घोड्याला पायडल नसत्यात, न्हाय का?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तीही हसली. आणि म्हाळसाच्या कानात एकदम ते नववीचं हसू घुमलं... सगळ्या वर्गाचं.

"हास! तूबी हास!" तिनं कात्री उचलली. "मेंढरामागच्या पोरीकडनं शिवून घ्यायचं आन् वर दात काढायचं! जा पुण्याला, दुकानातनं इकत घे जा!" आणि तो पुढं होईस्तोवर डाव्या पिशवीची शिवण वरपासून खालपर्यंत टराटरा उसवली.

इंद्रजितचं हसू विझलं. तो काहीतरी बोलायला गेला, पण तिनं पाठ फिरवली. थोड्या वेळानं सायकल गेल्याचा आवाज आला. पिशव्या तिथंच पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

बारा वाजले. एक वाजला. म्हाळसानं तीन सीटा शिवल्या, तिन्ही वाकड्या. गेणबामामा बघत होता. शेवटी म्हणाला, "पोरी, तो तुला हासला न्हाई. टाचंला हासला सवताच्या."

"मला म्हाईत हाय."

"कवापासनं?"

"...कालपासनं."

"मग शिवणीला टाका कोण घालणार? मी?"

तिनं पिशव्या ओढून घेतल्या. खालचा पुढचा कोपरा तिरका कापला, टाच जाते तेवढा. अडकवायचे पट्टे वीतभर मागं घेतले. आणि मग तिला वाटलं, पुन्हा चुकलं तर? ह्या खेपेला त्याच्या टाचा नाहीत सोलायच्या. तिनं पिशव्यांत दगड भरले, आपल्याच सायकलीला लटकवल्या, आणि निघाली. काटेवाडीचा फाटा आला. वळली नाही. पायडल, टाच... पायडल, टाच. एकदाही लागली नाही. भवानीनगर गेलं, सणसर आलं.

इंद्रजित अंगणात तीच तीन पोती सायकलीवर चढवत होता. एकावर एक. तिला बघून त्याच्या हातातनं दोर सुटला.

"ह्येच शिकलाव काय," म्हाळसा धापा टाकत म्हणाली. "आठ दिस वही भरली आन् परत ट्रॉली?"

आतनं त्याची आई कुशाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं म्हाळसाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "हीच का रं, माझं लाडू काढून टाकणारी?"

"टाकलं न्हाईत काकी. खाल्लं. लई चांगलं व्हतं."

कुशाबाईचं तोंड आपोआप सैल झालं. "बस बाय, च्या टाकते," म्हणत ती आत गेली.

"टाच लागत न्हाय आता," म्हाळसा पिशव्यांकडं बघून म्हणाली. "बारामतीपासनं बघत आले."

"येवढ्या लांब... दगडं घिऊन? माझ्यासाठी?"

"पिशवीसाठी."

"नुसतं पिशवीसाठी?"

तिनं पाणी प्यायलं. तांब्या खाली ठेवला. परत उचलला. "इंद्रजित, मला राग लवकर येतो. तुमचा न्हवता तो. शाळंत एकदा मास्तर म्हणलं व्हतं, मेंढरामागं जा. तवापासनं मी आमचं घोडं, वझं, आजाचं शिकिवणं... समदं लपवून ठिवलं. तुमी ते वहीत लिवून घेतलं. आजपतुर मला कुणी इचारलंच नव्हतं, तुला काय येतं म्हणून. ते... ते सांगायचं व्हतं. आन्..."

"आन्?"

"आन् तुमी ग्येलाव की मला करमायचं न्हाय."

इंद्रजितनं वरचं पोतं सायकलीवरनं उतरवलं.

"परत तुमी?" तो हळूच म्हणाला. "काल तू म्हणलीस. रागात का हुईना... रातभर तेच आठवत व्हतं."

"मग राग आणा."

"आणतो. मी जात न्हाय कन्याकुमारीला."

"काय?"

"तुला करमत न्हाय तर..."

"न्हाय गेलास तर तंगडं मोडीन!" म्हाळसा ओरडली. "हातानं शिवलंय म्या! टाक्याला टाका! समुद्र बघून आल्याबिगर तोंड दावू नगंस!"

"आलं की, तू," तो म्हणाला, आणि ह्या वेळेला दोघं एकदमच हसली. मग तो गंभीर झाला. "आल्यावर सोनबाआबांकडं येऊ? मागणी घालायला?"

"आबांच्या आधी मला इचार."

"तुला कवा इचारू?"

"आत्ता इचारायला काय झालंय तुला?"

त्यानं विचारलं. काय शब्दांत, ते म्हाळसानं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. कुशाबाई चहा घेऊन आली तेव्हा दोघं खाली मान घालून पिशव्या भरत होती, आणि म्हाळसा म्हणत होती, "व्हय... व्हय म्हणलं न्हवं का एकदा, पाने उजवीकडं टाक आता."

निघायच्या दिवशी सकाळी ती आबांना सांगूनच निघाली, वझं कसं बसतं ते बघून येते. "इंदापूरपतुर बघणार हाईस व्हय?" सोनबाआबा म्हणाले आणि मिशीत हसले.

इंदापूरपर्यंत दोघं सोबत गेली. थंड वारा, दोन्हीकडं ऊस, पुढं तो, मागं ती. पिशव्या दोन्ही बाजूंना सारख्या, एकीकडंही झुकत नव्हत्या. सोलापूरच्या हमरस्त्याला दोघं थांबली. तिनं पिशव्यांचे पट्टे एकदा ओढून बघितले.

"जा," ती म्हणाली.

तो गेला. शंभर पावलं गेला असंल, आणि सायकल वळवून परत आला.

"काय इसरलं?" म्हाळसानं विचारलं.

"सामान न्हाय. तुझं आभार मानायचं ऱ्हायलं."

"मान की मग."

"लई हायत. आता सुरू केलं तर कन्याकुमारी राहील. आल्यावर मानतो... बसून. सावकाश."

डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं पुसलं नाही. हात पुढं केला आणि त्याच्या सायकलीचं हँडल दक्षिणेकडं वळवून दिलं.

"मग लवकर ये," ती म्हणाली. "मलाबी मानायचं हायत."