दोघं आत, एक बाहेर

वैताग ज्याच्या राशीला लागायचा असतो, त्याला तो भर वाळवंटातही गाठतो. नजर पोचेल तिथवर वाळू, काटेरी झुडपं आणि वर उन्हाची वाट बघणारं फिकट आभाळ. माणूस शोधायला गेलं तर औषधालाही सापडू नये. आणि त्या सकाळी विश्रामगृहाच्या पायरीवर एक जण ऐसपैस बसलेला. खिशात पाना, अंगात विटका निळा डगला, आणि तोंडभर हसू. जसं काही याला आमंत्रण देऊन बोलावलंय!

"कोण तुम्ही?" दारातून तिनं विचारलं.

"पंपवाला. पाणवठ्याचा पंप रुसलाय, त्याची समजूत काढायला आलोय. पण तुमचे दादा म्हणाले, आधी हिला पोचवा."

तिनं कपाळाला हात लावला. दादा म्हणजे तिचा सख्खा भाऊ, तिचा ड्रायव्हर आणि तिचा हमाल. काल कॅमेऱ्याची पेटी उचलताना कंबरेत चमक भरली नि तो आडवा झाला. खिडकीतून त्याचं कण्हणं आणि पाठोपाठ फर्मान आलं, "अगं टिटवे, भांडत बसू नकोस! मिळाला तो माणूस घे आणि नीघ!"

टिटवी. दिवसचे दिवस श्वास रोखून पाखरांची चित्रं टिपणाऱ्या मुलीला घरात हे नाव होतं, कारण लपणातून बाहेर आली की ती गप्प बसत नसे.

लपण म्हणजे पाणवठ्याकाठचा तिचा वाळूच्या रंगाचा तंबू. दोन माणसं दाटीवाटीनं मावतील एवढा, पुढे कॅमेऱ्यापुरती फट. तिथं बसून ती एकाच क्षणाची वाट बघत होती. पखुर्डी नावाचं कबुतराएवढं पाखरू रोज ऊन चढताना पाण्यावर येतं. पिल्लं झाली की नर पाण्यात बसतो, पोटाची पिसं चिंब भिजवतो आणि तेवढं पाणी अंगावर घेऊन दूर वाळूतल्या पिल्लांकडे उडतो. पिल्लं त्या पिसांतून पाणी पितात. ते भिजणं तिला हवं होतं. पाखरांवरच्या मोठ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ संपादकबाईंनी तिच्यासाठी अडवून धरलं होतं, तिचं पहिलंवहिलं. अट एकच: चित्रात माणसाचा मागमूस नको, आणि मागाहून पुसापुशी तर मुळीच नको. इथं राहायची परवानगी उद्या संपत होती.

"नीट ऐका," वाटेत ती म्हणाली. "पाखरं कुठूनतरी बघत असतात. पण त्यांना मोजता येत नाही. आपण दोघं आत जायचं, एकानं बाहेर यायचं. त्यांना वाटतं, गेली माणसं. कळलं?"

"न कळायला काय झालं?"

दोघं आत गेली. तिनं कॅमेरा लावला, भिंग पुसलं, मागं वळली… तर स्वारी मांडी घालून बसलेली.

"अहो, जा ना!"

"मी? मी म्हटलं, तुम्ही जाताय."

"मी गेले तर फोटो कोण काढणार?"

"तेच कोडं मलाही पडलं होतं. एकानं बाहेर यायचं म्हणालात. कुणी, ते कुठं सांगितलंत?"

ती तोंड उघडणार तोच वरून पखुर्ड्यांचा घोगरा गलका आला. थवा घिरट्या घालत होता. आता बाहेर पडणं म्हणजे सगळंच मुसळ केरात! तिनं त्याचा दंड धरून त्याला खाली दाबलं.

"हलू नका. बोलू नका. शक्य तर श्वासही…"

"घेऊ नको?"

"हळू घ्या!"

खांद्याला खांदा लागलेला. त्याच्या डगल्याला वंगणाचा वास, आणि वंगणाचा वास आपल्याला नावडत नाही हे कळून तिला आणखीच वैताग आला. थवा दूरवर उतरला. तुरुतुरु चालत, थबकत, पुन्हा चालत येऊ लागला.

"तुमच्या गालाला वाळू लागलीय," तो कुजबुजला.

"राहू दे."

"चमकतेय."

"अहो, पाखरांकडे बघा!"

तो बघू लागला. बिचाऱ्यानं खरंच प्रयत्न केला. पण त्याच्या पायाला गोळा आला, पाय ताठ झाला आणि तिवईला असा लागला की कॅमेरा, फट, तंबू, सगळं डोललं. फर्रकन थवा उडाला. पाणवठ्यावर उरलं नुसतं ऊन.

तिनं तिवई पुन्हा सरळ केली. मग तिची नेहमीची सवय, राग आला की ओवी जुळवायची, ती बाहेर आली…

"पाखराला गं पंख, वाऱ्यालाही आहे वाट
बोलघेवड्या माणसाशी, नको कुणाची पडू गाठ!"

"वा! दुसरी ओळ माझ्यावर ना?"

"दोन्ही तुमच्यावर! पंख असते तर केव्हाच उडाले असते मी!"

*

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. दादाची कंबर अजून धरलेलीच. "दादाची कंबर बरीच सोयीस्कर आहे," असं तिच्या ओठांवर येत होतं, पण ते कुणाला म्हणणार? दादा तर तिचाच!

आज मात्र पठ्ठ्या शहाण्यासारखा वागला. आत आला, डबा ठेवला, निघाला. फटीशी क्षणभर रेंगाळला.

"मिळेल आज."

"तुम्ही गेलात तर मिळेल."

"गेलोच… हा बघा गेलो."

पावलं वाळूत विरली. आणि आत इतकी शांतता झाली, इतकी, की तिला ती बोचली. या शांततेसाठीच तर ती जीव टाकत आली होती! मग आज ती अशी रिकाम्या ताटलीसारखी का वाटावी?

पण विचाराला सवड कुठली? तिचं पाणवठ्याकडे लक्ष गेलं. बशीसारख्या त्या उथळ खळग्यात नुसता ओलसर चिखल. पाणी आटलेलं. काल हा माणूस आपल्या लपणात अडकून पडला, मग सांजावताना त्यानं घाईघाईनं पंप लावला. कुठंतरी नळीचा जोड सुटला असणार. चिखलात पाखरू भिजणार कसं? उठून जावं, तर सकाळ वाया. बसावं, तरी वाया. तिनं पंपवाल्याला, पंपाला, दादाच्या कंबरेला मनातल्या मनात इतकी नावं ठेवली की तिची तीच दमली.

आणि मग चिखलावर एक रेघ चमकली. पाणी! पलीकडच्या बुटक्या बांधाखालून झुळझुळत आलं, पसरलं, खळगा भरत गेला. पाठोपाठ आभाळातून तो घोगरा गलका. थवा उतरला. माद्या घोटभर पिऊन बाजूला झाल्या. एक नर पाण्यात शिरला, बसला, आणि पाळण्यासारखा डुलू लागला. डावीकडे, उजवीकडे, पिसं फुलवून, पोटाशी पाणी साठवत…

तिनं बटण दाबलं. दाबतच राहिली. डोळ्यांत पाणी आलं तरी दाबत राहिली. नर चिंब होऊन उडाला, थेंब सांडत दिसेनासा झाला.

तिनं चित्रं उघडली. पहिल्यात नर डुलतोय. सुरेख! आणि त्याच्या मागं, बांधावर… हे काय? तिनं मोठं करून पाहिलं. थोडं धूसर, पण ओळखू येईलसं, चिखलानं माखलेलं एक डोकं. दुसऱ्या चित्रात तेच. तिसऱ्यात तेच. सगळ्यांत तेच!

ती लपणातून बाणासारखी सुटली. बांधामागं तो पालथा पडलेला, दोन्ही हातांनी नळीचा सुटलेला जोड आवळून धरलेला. जोडातून उडणाऱ्या फवाऱ्यानं छाती, पोट, सगळं भिजून चिंब.

"डोकं कशाला वर काढलंत?"

"पाणी पोचतंय का बघायला. तेवढ्यात पाखरं उतरली. मग हलू कसा? तुम्हीच म्हणालात, हलायचं नाही." हात मोकळे करताना तो कण्हला. बोटं पांढरीफटक पडली होती. "मिळालं का?"

तिनं पडदा त्याच्या नाकासमोर धरला. त्याचं हसू मावळलं. अट त्याला दादानं सांगितलेली होती.

"मुखपृष्ठ गेलं माझं," ती म्हणाली.

तो मान खाली घालून बोटं चोळू लागला. ती पुन्हा पडद्याकडे बघू लागली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. हातभर अंतरावर जन्मात एकदा दिसावं असं नवल, आणि या माणसाची नजर पाखरावर नव्हतीच. सगळ्या चित्रांत त्याची नजर सरळ समोर होती. भिंगाकडे. फटीकडे.

"एवढं पाखरू पुढ्यात डुलतंय, आणि तू बघतोयस कुठं?"

"मला 'तू' म्हणालीस," तो हळूच म्हणाला.

"विषय बदलू नकोस!"

"बदलत नाही. जिकडे बघत होतो, तिकडेच बघत होतो. कालपासून तेच चाललंय." त्यानं डोळे खाली घेतले. "संपादकबाईंचा नियम मोड. मला पूस त्यातून. जमतं ना तसं?"

"जमतं. मिनिटभराचं काम."

"मग पूस की."

तिचं बोट बटणावर गेलं. थबकलं. ऊन चढलं होतं, नळीतून पाणी वाया चाललं होतं, आणि समोरचा माणूस चिखलात बसून शिक्षेची वाट बघावी तसा तिच्या बोटाकडे बघत होता. बाईंना काय सांगायचं? पाखरू मिळालं, पण चित्र देता येत नाही, असं? तेच सांगावं लागणार होतं. पुस्तक दुसऱ्या कुणाचं चित्र लेवून निघणार होतं. तिला भडभडून रडू यायला हवं होतं. येत होता तो नुसता संताप, आणि संतापाच्या तळाशी काहीतरी ऊबदार, ज्याचा तिला सगळ्यांत जास्त संताप येत होता.

तिनं कॅमेरा बंद केला.

"मला तुला पुसवत नाही," ती म्हणाली, आणि अशा सुरात म्हणाली, की दुरून ऐकणाऱ्याला वाटावं, भांडतेच आहे.