अर्धा चौकोन

प्राणकुपी चंद्राच्या कक्षेतून सुटली, तेव्हा नियंत्रण कक्षात जो तो जीव मुठीत धरून बसला होता. निर्धास्त होती ती एकटी मृणाल खांडेपारकर, कारण कुपीला दिलेले अक्षांश-रेखांश तिने स्वतः काढले होते. बंद पडलेल्या चांद्रगाडीत अडकलेला निरंजन तिचा नवरा. त्याच्या पोशाखातला प्राणवायू त्याला काळ्या टेकाडापर्यंत जेमतेम पुरणार होता, आणि नवा प्राणवायू घेऊन कुपी तिथेच उतरायची होती.

"आकडे तूच काढलेस ना? मग निघतो मी," असं म्हणून तो कुपी टेकायची वाटही न बघता चालू लागला होता.

"कुपी टेकाडापाशी नाही," पडद्याकडे बघत डॉ. हुद्देदार म्हणाले. "विवरात गेली." हुद्देदार नकाशा विभागाचे प्रमुख. मृणालला हे काम त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं.

"शक्यच नाही, सर! आज सकाळीच मी प्रोग्रॅममधली चूक दुरुस्त केली."

"कुठली चूक?" हुद्देदारांचा चेहरा उतरला.

"नकाशा म्हणजे चौकोनांची जाळी. ओळ कितवी, स्तंभ कितवा, यावरून आपण अक्षांश-रेखांश काढतो. माझा प्रोग्रॅम चौकोनाच्या मध्याऐवजी वायव्य कोपऱ्याचे आकडे देत होता. म्हणून मी ते अर्धा चौकोन पूर्वेला आणि अर्धा दक्षिणेला सरकवले. आजवरच्या कुप्या बरोबर उतरल्या कशा, याचंच मला नवल वाटलं."

हुद्देदार तिच्याकडे वळले. "कारण तो अर्धा चौकोन मी कुपीच्याच प्रणालीत मिळवून ठेवला होता. दोन वर्षांपूर्वी."

मृणालला क्षणभर काही कळेचना. मग कळलं. दोघांचे अर्धे मिळून पूर्ण चौकोन झाला होता. कुपी मध्य ओलांडून आग्नेय कोपऱ्यात, थेट विवराच्या तळाशी जाऊन पडली होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"अगं, तुझी बढती तोंडावर आली होती. म्हटलं, पोरीचं नाव कशाला खराब करा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं हा माणूस चारचौघांत तिच्या अचूकतेचे गोडवे गात होता आणि तिच्या पाठीमागे तिचेच आकडे दुरुस्त करत होता!

"केसानं गळा कापलात, सर."

"आणि तू?" हुद्देदार म्हणाले. "सकाळी तू तरी कुठे कुणाला सांगितलंस?"

तिने सांगितलं नव्हतं. लाज वाटली होती. एवढीशी चूक, गुपचूप सुधारली तर कुणाला कळतंय, असं तिने मनाशी म्हटलं होतं.

ध्वनिक्षेपक खरखरला.

"मृणाल, टेकाडापाशी पोचलो. इथे तर काहीच दिसत नाही गं." निरंजनला धाप लागली होती. "पण तुझे आकडे काही चुकायचे नाहीत. माझंच टेकाड चुकलं असणार. थांब, पुढच्या टेकाडाकडे जातो."