ढेकर मोजायला आलेली मुलगी

"ओढू नका हो! फाटेल ती."

रुचितानं मान वळवली. ओढणीचं एक टोक तिच्या मुठीत होतं आणि दुसरं एका काळ्याभोर म्हशीच्या तोंडात... कुंपणाला टेकून उभा असलेला तो उंच, सावळा तरुण मात्र खुशाल हसत होता.

"मग तिला सांगा ना सोडायला!"

"राणी आहे ती. कुणाचं ऐकत नाही." जवळ येऊन त्यानं म्हशीच्या गळ्याखाली हलकंच खाजवलं. राणीनं जबडा सैल केला. लाळेनं भिजलेली ओढणी त्यानं रुचिताच्या हातात दिली, तेव्हा त्याची बोटं क्षणभर तिच्या बोटांना लागली. "दूध पाहिजे होतं का?"

"नाही. मी म्हशींचे ढेकर मोजायला आलेय."

त्याचं हसू थांबलं... आणि मग दुप्पट जोरानं फुटलं.

"हसा," ती शांतपणे म्हणाली. "म्हैस रवंथ करते तेव्हा ढेकरातून मिथेन नावाचा वायू बाहेर पडतो. तुमच्या त्या शेणाच्या खड्ड्यातूनही पडतो. तो हवेत साठला की पृथ्वी तापते."

"म्हणजे पृथ्वीला ताप आलाय तो माझ्या राणीमुळे?"

"एकट्या राणीमुळे नाही. पण तिनं मदत केली तर थोडा उतरेल."

ही गोष्ट सुरू झाली चौऱ्याण्णव सालच्या थंडीत. रुचिताचे आईवडील गिरगावातली खोली सोडून मीरा रोडला राहायला आले होते आणि ती मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत काम करत होती. तो तरुण, हरिश्चंद्र, जवळच्याच राई गावचा. बी.कॉम. झाल्यावर बँकेतली नोकरी चालून आली होती, पण वडील गेले आणि गोठा त्यानं आपणहून अंगावर घेतला. त्याचा त्याला जराही पस्तावा नव्हता, हे रुचिताला पहिल्याच दिवशी कळलं. आवडलंही.

मग ती दर आठवड्याला येऊ लागली. म्हशींना तिनं उसाची मळी आणि क्षारांची चाटायची वीट दिली. पचन सुधारलं की तेवढ्याच दुधामागे वायू कमी, असं ती सांगायची. हरी ऐकायचा कमी, बघायचा जास्त.

"लक्ष कुठंय तुमचं?"

"पचनाकडे," तो गंभीरपणे म्हणायचा. "माझं हल्ली बिघडलंय. जेवण जात नाही."

"वीट चाटा मग!"

पण एके दिवशी ती आली तेव्हा तो हसला नाही. समोर उठलेल्या नव्या बिल्डिंगमधली माणसं खड्ड्याच्या वासावरून भांडून गेली होती. हरीची आई, गोदूबाई, ओट्यावर डोक्याला हात लावून बसली होती.

"किती दिवस भांडाचं?" ती म्हणाली. "दिवालीला म्हशी इकून टाकू. बास झाला."

रुचितानं खड्ड्याकडं पाहिलं. "मावशी, गोबरगॅस बांधू या. शेण झाकलं की वास गेला. जो वायू हवेत जातो तो तुमच्या शेगडीत जळेल."

"शेणाच्या वायूवर मी भाकरी भाजनार न्हाय!"

"नका भाजू. चहा तर कराल?"

हरीनं आईकडं पाहिलं, मग रुचिताकडं. "बांधू या," तो म्हणाला.

पावसाचा जोर ओसरताच खोदकाम झालं, विटा लागल्या, वर लोखंडी टाकी पालथी बसली. शेणपाणी कालवून भरलं आणि काही आठवड्यांनी आत साठलेल्या वायूनं टाकी खरंच वर उचलली. हरीनं शेगडीला काडी लावली. काडीच विझली. गावात हसं झालं.

"पहिला वायू जळत नाही. तो सोडून द्यायचा," रुचिता म्हणाली. "पुन्हा भरू दे."

"तुम्हाला खात्री आहे?"

"आहे."

"मग मलाही आहे."

इतकंच तो म्हणाला, पण त्या दिवशी मीरा रोडपर्यंतचा रस्ता तिला जाणवलासुद्धा नाही.

दिवाळीच्या तोंडावर पुन्हा सगळे जमले, बिल्डिंगमधले लोकही. भर दुपार होती. हरीनं शेगडीची चावी फिरवली, काडी लावली. काहीच दिसेना... कुणीतरी फिस्सकन हसलं. गोदूबाई पुढं झाली, शेगडीवर हात धरला आणि ओरडली—

"आई गो! पोललं!"

उन्हात ती फिक्कट निळी ज्योत कुणाला दिसलीच नव्हती. हरीनं हातांचा आडोसा केला आणि सगळ्यांना ती थरथरताना दिसली. एकच गलका झाला. बिल्डिंगमधल्या एका काकांनी तर "आम्हालाही जोडणी मिळेल का?" असं विचारूनही घेतलं. पोळलेला हात पदराला पुसत गोदूबाईनं पातेलं चढवलं.

"म्हशी कुठं जात न्हाईत आता," ती म्हणाली.

गर्दी पांगली. टाकीपाशी ती दोघंच उरली.

"संस्था मला गुजरातेत आणंदला पाठवतेय," रुचिता म्हणाली. "वर्षभरासाठी."

हरीनं टाकीवरचं शेण बोटानं खरवडलं. मग मान वर करून म्हणाला, "जा. इथलं सगळं मी सांभाळीन."

"आणि वाट कोण बघेल माझी?"

"ती तर रोजच बघतो. तू घरी जायला निघालीस की लगेच."

'तू' त्याच्या तोंडून प्रथमच आलं होतं. त्याचं त्यालाच उमगलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. रुचितानं त्याचा शेणामातीनं माखलेला हात सरळ आपल्या हातात घेतला.

"हरी, मला तू आवडतोस. घरी मी कालच सांगितलंय. आल्यावर लग्न करू या... तुला हवं असेल तर."

"हवं असेल तर?" तो एक पाऊल पुढं सरकला. "अगं, मी तर—"

"मी काय भैरी न्हाय हां!" आतून गोदूबाईचा आवाज आला. कपबशा घेऊन ती दारात उभी राहिली. "वरीसभर कशाला थांबाचं? आधी लगीन, मंग आनंद का फिनंद!"

हरी लाजून खाली बघायला लागला. रुचितानं कप घेतला, एक घोट प्यायली आणि गोदूबाईकडं बघून हसली.

"चालेल, मावशी."