दर सोमवारची हाफ डुप्लेक्स

अगं, मधे बोलू नकोस, आधी नुसतं ऐक!

आपली बडबडी आहे ना, छापखान्यात पानं लावते ती... तिच्या कम्प्युटरवरून फाइलच जाईना. मुंगीच्या पावलांनी सरकायची! मग आला नेटवर्कवाला. शेजारच्या ताईंच्या टेबलापुढची रिकामी खुर्ची ओढली, सेटिंग उघडलं अन् म्हणाला, "हे बघा, हाफ डुप्लेक्सवर पडलंय. एक बोलत असेल तर दुसऱ्यानं गप्प बसायचं. फुल केलं, की दोघांनी एकदम बोललं तरी चालतं."

"मग ऐकतं कोण?"

"दोघंही," तो म्हणाला... आणि हसला. गालाला खळी! झालं, आपली बडबडी त्या खळीतच अडकली.

पुढच्या सोमवारी कम्प्युटर पुन्हा रखडला. त्याच्या पुढच्याही!

"तुझ्या कम्प्युटरला बरा गं सोमवारचाच ताप येतो!" ताई म्हणाल्या.

येणारच! सकाळी आल्या आल्या बयाच सेटिंग हाफवर टाकायची. त्यानं शिकवलेलं त्याच्यावरच!

काल तो आला, तर खळी गायब. फुल केलं, वर आणखी काहीतरी टकटक केलं. "आता हे कुणाला बदलता येणार नाही. कुलूप लावलंय."

तिनं हळूच विचारलं, "कळलं... तुम्हाला?"

"आपोआप नाही हो बदलत ते."

तिचे कान लालबुंद. "म्हणजे आता तुम्हाला यायचं कारणच उरलं नाही..."

तो बॅगेची चेन उघडतोय, लावतोय, परत उघडतोय. "कारण आधीही नव्हतं. हे सगळं मला खाली माझ्या टेबलावरूनच करता येतं."

"मग जिने चढून कशाला यायचात?"

"कम्प्युटरची तब्येत विचारायला, दुसरं काय!" ताई. मान वर न करता!

तो असला लाजला म्हणतेस... "पुढच्या सोमवारी... तक्रार नसताना यायचंय मला. येऊ?"

एरवी दोन मिनिटं गप्प न बसणारी ही, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! तो बिचारा उठला, खुर्ची उचलून ताईंकडे परत ठेवायला निघाला. तशी हिनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"राहू दे... इथेच."

बस, एवढंच बोलली! मी असते ना, तर सोमवारची वाटच पाहिली नसती, त्याच्यामागून जिना उतरले असते. तू काय केलं असतंस गं?