वाऱ्याला आडवी वाट

कोळंबी बिघडली आहे, अशी केतकी जाड्यारची खात्री पटली होती.

कोळंबी म्हणजे साखरबंदरच्या मासळी गोठवण्याच्या कारखान्यातला यंत्रमानव. चार चाकं, लालसर धड आणि पुढे हातभर लांब दोन मिशा, म्हणून कामगारांनीच हे नाव ठेवलं होतं. मिशांच्या टोकांना संवेदक होते (वास, उष्णता किंवा हालचाल ओळखणारे भाग). संकटाच्या वेळी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढणं हे तिचं मुख्य काम.

केतकीची आई प्राजक्ता त्याच कारखान्यात मासळी साफ करून बांधणाऱ्या विभागाची प्रमुख होती. २०४६ सालीही शनिवारी शाळा अर्धीच असायची. त्यामुळे शनिवारी आईची पाळी संपेपर्यंत केतकी कारखान्याच्या आवारातल्या प्रशिक्षणाच्या खोलीत बसून अभ्यास करायची. ही खोली अब्दुल मजीद सोलकर यांची. ते रसायनशास्त्रज्ञ होते आणि कारखान्यातल्या माणसांच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. केतकी त्यांना आजोबा म्हणायची.

त्या शनिवारी दुपारी कारखान्यात सराव झाला (खरं संकट नसताना, ते आलंय असं समजून बाहेर पडण्याची तालीम). मागच्या महिन्यात सकाळी झालेल्या सरावात कोळंबीने सगळ्यांना मुख्य फाटकातून बाहेर नेलं होतं. आज मात्र ते फाटक वीस पावलांवर असताना तिने सगळ्यांना भिंतीच्या कडेने दोनशे पावलं चालवलं आणि उत्तरेच्या लहान दरवाज्यातून बाहेर काढलं. जवळचं दार सोडून लांबच्या दाराकडे नेणारं यंत्र बिघडलेलंच असणार, असं केतकीने आजोबांना सांगितलं.

सोलकर हसले नाहीत. त्यांनी आधी तिच्या तळहातावर स्पिरिटचा एक थेंब टाकला आणि फुंकर मारायला सांगितली. हात गार पडला. द्रवाचा वायू होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, त्यांनी समजावलं. मासळी गोठवायची यंत्रं याच रीतीने चालतात, फक्त तिथे स्पिरिटच्या जागी अमोनिया वापरतात (डोळ्यांना आणि श्वासाला झोंबणारा, उग्र वासाचा वायू). तो बंद नळांमधून फिरत राहतो तोवर काही त्रास नाही. पण एखादा सांधा सुटला तर गार, पांढरं धुकं बाहेर पडतं. एरवी अमोनिया हवेपेक्षा हलका असतो. पण असं अतिथंड धुकं जड असतं, ते जमिनीलगत राहतं आणि वारा नेईल तिकडे जातं.

मग त्यांनी पंखा लावला आणि त्याच्यासमोर एक उदबत्ती पेटवून ठेवली. धुराची रेघ लांबवर गेली. केतकीला त्यांनी त्या रेघेत उभं केलं आणि पंख्याकडे पाठ करून चालायला सांगितलं. ती चार पावलं गेली, धूर सोबत आला. आणखी चार पावलं गेली, तरी नाकाशी धूर होताच.

"आता एकच पाऊल बाजूला टाक," ते म्हणाले.

केतकीने टाकलं आणि धूर संपला.

वायूचा लोट असाच असतो, लांब पण अरुंद. वाऱ्याच्या दिशेने पळालं तर तो पाठलाग करतो. वाऱ्याच्या उलट पळालं तर कधीकधी आपण गळतीच्याच तोंडाशी जाऊन पोहोचतो. म्हणून आधी वाऱ्याला आडवं चालायचं, लोटाच्या बाहेर पडायचं. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. अमोनियाचं यंत्रघर समुद्राच्या बाजूला, म्हणून तेव्हा रस्त्याकडचं मुख्य फाटक सुरक्षित होतं. दुपारी वारा समुद्रावरून येतो आणि यंत्रघरातला वायू थेट त्याच फाटकाकडे जाईल. कोळंबी बिघडली नव्हती. तिने छपरावरच्या वाऱ्याच्या पिशवीकडे पाहून वाट निवडली होती (वाऱ्याने फुगून त्याची दिशा दाखवणारी कापडी नळी).

केतकीला हे पटलं, पण एक शंका उरली. कोळंबीला सगळं कळतं, तर माणसांना पुन्हा पुन्हा चालवायचं कशाला? सोलकरांनी सांगितलं की घाबरलेला माणूस नवीन काही शोधत नाही. ज्या दाराने रोज आत येतो, त्याच दाराकडे पाय वळतात. सरावाने दुसरी वाटही पायांच्या ओळखीची होते. आणि यंत्र काय, कधी बंदही पडू शकतं.

पुढच्या शनिवारी अडीच वाजता भोंगा वाजला, तेव्हा केतकी गणितं सोडवत होती. आज सराव ठरलेला नव्हता. सोलकरांनी खिडकीतून यंत्रघराकडे पाहिलं. त्याच्या दाराखालून पांढरं काहीतरी सरपटत बाहेर येत होतं. नळाच्या एका सांध्यातलं रबर फाटलं होतं. झडपा आपोआप बंद झाल्या होत्या, पण तेवढ्यात बराच वायू निसटला होता.

त्यांनी केतकीचा हात धरला, छपरावरच्या पिशवीकडे एक नजर टाकली आणि तिला उत्तरेच्या दरवाज्याने बाहेर नेलं. मैदानात जमण्याची जागा पिवळ्या रंगाने आखलेली होती. तिथे तिला उभं करून ते म्हणाले, "काही झालं तरी इथून हलायचं नाही. तू दिसली नाहीस तर तुला शोधायला कुणाला तरी आत जावं लागेल."

मग ते बचाव पथकाकडे गेले.

कामगार येऊ लागले. कुणी ढकलाढकली करत नव्हतं. पांढरे झगे आणि रबरी बूट घातलेली माणसं भिंतीच्या कडेने एकामागून एक येत होती. डोळे पाण्याने भरलेले, तोंडाला ओला रुमाल लावलेला. केतकी प्रत्येक चेहऱ्याकडे पाहत होती. आई त्यांत नव्हती. दरवाज्याकडे धाव घ्यावी असं वाटलं. तिने दोन्ही मुठी आवळल्या आणि पिवळ्या रेघेच्या आत उभी राहिली. त्या दिवशी तिने केलेलं हे सगळ्यांत अवघड काम होतं.

विभागप्रमुख सर्वांत शेवटी निघतात. प्राजक्ता सगळ्यांच्या मागून आली. तिने मुलीकडे एकदा पाहिलं, पण जवळ आली नाही. आधी तिने आपली माणसं मोजली. मग पुन्हा मोजली.

"चोवीस हवेत," ती म्हणाली. "तेवीसच आहेत. फिरदौस नाही."

फिरदौस मुकादम परवाच कामाला लागली होती. तिचा सराव सोमवारी व्हायचा होता. तिला एकच वाट माहीत होती, रोज आत येण्याची. म्हणजे ती मुख्य फाटकाकडे गेली असणार, नेमकी लोटाच्या दिशेने. दोन कामगार तिला आणायला निघालेही होते. प्राजक्ताने त्यांना अडवलं. श्वासाच्या मुखवट्याशिवाय कुणीही आत जाणार नाही, तिने ठामपणे सांगितलं, नाहीतर एकाच्या जागी तिघांना शोधावं लागेल. तिचा आवाज जराही कापला नाही.

बातमी मिळताच सोलकरांनी कोळंबीला फाटकाकडे पाठवलं. पथकाने पाण्याचे फवारे सुरू केले, कारण अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो आणि धुकं खाली बसतं. धुक्यात कोळंबीला काही दिसत नव्हतं. पण तिच्या मिशांना फाटकाजवळच्या पहारेकऱ्याच्या रिकाम्या खोलीत हालचाल जाणवली. फिरदौस डोळे झोंबू लागल्यावर त्या खोलीत शिरली होती. तिने दार-खिडकी लावून फटीत ओढणी कोंबली होती.

"दार उघडू नका," कोळंबी बाहेरून म्हणाली. "तुम्ही बरोबर केलंत. माणसं येतायत. मी इथेच आहे."

सहा मिनिटांनी श्वासाचे मुखवटे घातलेले चौघे जण तिथे पोहोचले. त्यांनी फिरदौसला तसाच मुखवटा चढवला आणि आडव्या वाटेने बाहेर आणलं. तिचे डोळे पंधरा मिनिटं पाण्याखाली धुतले आणि मग तिला दवाखान्यात नेलं. रुग्णवाहिकेत चढताना तिने प्राजक्ताचा हात घट्ट धरून ठेवला होता. रुग्णवाहिका गेल्यावर प्राजक्ता माघारी आली, तेव्हा कुठे तिने केतकीला पोटाशी धरलं. तिच्या झग्याला अजून उग्र वास येत होता.

संध्याकाळी सोलकरांनी सगळ्यांसमोर आपली चूक कबूल केली. सराव सोमवारवर ढकलायला नको होता, ते म्हणाले. तेव्हापासून नियम बदलला. नवा माणूस आधी बाहेर पडण्याच्या सगळ्या वाटा चालून बघतो, मगच हातमोजे चढवतो. पुढच्या वर्षी बसणाऱ्या नव्या यंत्रांना आजच्या दहाव्या हिश्शाएवढाच अमोनिया लागणार आहे, हेही त्यांनी सांगितलं. धोका मुळातच कमी करणं हे सगळ्यांत चांगलं, आणि उरलेल्या धोक्यासाठी तयार राहणं हे आपल्या हातात.

तीन आठवड्यांनी फिरदौस कामावर परतली. पहिल्याच दिवशी तिने बचाव पथकात नाव दिलं.

केतकीने शाळेत वर्गशिक्षिकेला सगळी हकिकत सांगितली आणि तिच्या सातवीच्या वर्गाने शाळेचा नकाशा काढला. पहिल्या सरावात दोनशे मुलं एकाच जिन्यात अडकली आणि शाळा रिकामी व्हायला नऊ मिनिटं लागली. मुलांनी जिने वाटून घेतले. चाकांच्या खुर्चीतल्या ऋग्वेदला विचारून त्याच्यासाठी तळमजल्यावरचा वर्ग ठरवला. चौथ्या सरावाला साडेतीन मिनिटं लागली.

"अजून कमी करता येतील," ऋग्वेद घड्याळाकडे बघत म्हणाला, आणि केतकीने नकाशा पुन्हा उलगडला.